ओळखीचा भाव : शेळगावच्या पोरांनी लिंक्डइन प्रीमियमला पैसे भरावेत का?

आपल्या वस्त्यांमधून शिकून बाहेर पडलेल्या मुलामुलींपुढे सध्या एक नवा प्रश्न आहे. डिग्री झाली, लिंक्डइनवर खाते उघडले, फोटो टाकला, शंभर ठिकाणी अर्ज केले. उत्तर कुठूनच नाही. मग पडद्यावर एक सोनेरी चौकट येते : प्रीमियम घ्या, तुमचा प्रोफाइल कोणी पाहिला ते कळेल, कंपनीच्या माणसाला थेट संदेश पाठवता येईल, पहिला महिना मोफत. पुण्यात खोली करून राहणारा, मेसचे पैसे महिन्याच्या शेवटी देणारा पोरगा त्या चौकटीपुढे थबकतो. गावी आई खुरपणीला जाते. तिचे किती दिवस या चौकटीत घालायचे?

हा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण आपल्या बाबतीत तो तसा नाही. ज्याच्या घरात मामा मॅनेजर आहे, काका बँकेत आहे, वडिलांचा वर्गमित्र कंपनीचा संचालक आहे, त्याला हे दुकान लागत नाही. ज्याच्या घरात पहिल्यांदाच कोणी पदवीधर झाले, त्यालाच ओळख विकत घ्यावीशी वाटते. ओळखीसाठी किंमत मोजण्याची वेळ आपल्यावर पहिल्यांदा आलेली नाही. पूर्वी आपण कोणाला पैसे दिले, काय मिळाले आणि शेवटी दार कशाने उघडले, हे पाहूनच खिशात हात घालावा, एवढेच मला सांगायचे आहे.

गाव ओळखणारा माणूस आणि त्याची किंमत

शेळगाव इंदापूर तालुक्यातले. जवळ वालचंदनगर, पुढे निमगाव केतकी. आषाढीला तुकोबांची पालखी शेळगाव फाट्यावरून पुढे जाते. या तालुक्याला एक इतिहास आहे, तो फारसा सांगितला जात नाही. मुंबई इलाख्यात इंग्रजांनी जमीन-पाहणीची जी नवी पद्धत रुजवली, तिची सुरुवात १८३०च्या दशकात इंदापूर तालुक्यात झाली. प्रिंगलसाहेबाची आधीची पाहणी फसली होती. ती दुरुस्त करायला गोल्डस्मिड आणि विंगेट हे अधिकारी आले आणि १८३६च्या सुमारास इथला सारा नव्याने ठरला. शेताला नंबर, नंबराला खातेदार, खातेदाराचे नाव सरकारी दप्तरात. ज्याचे नाव दप्तरात चढले, त्याची सरकारदरबारी ओळख पक्की झाली.

आता या दप्तरात महार कुठे होता? महारवतनात. हाडकी-हाडवळ्याची जमीन आणि तिच्या बदल्यात गावाची व सरकारची चाकरी. टपाल पोचवणे, दवंडी देणे, साहेब आला की सरबराई करणे, सारा घेऊन तालुक्याला जाणे, मेलेले जनावर ओढणे. शिवेचा वाद झाला की साक्षीला महार, कारण गावाची शीव कुठून कुठे जाते हे त्याला ठाऊक. म्हणजे गावातल्या प्रत्येक घराला ओळखणारा, पाटलापासून मामलेदारापर्यंत सर्वांशी रोज संबंध येणारा माणूस कोण, तर महार. आजच्या भाषेत त्याचे 'कनेक्शन' गावात सर्वांत जास्त होते.

त्या ओळखीने त्याला काय मिळाले? काही नाही. पाटील त्याला नावाने हाक मारत होता, पण त्याच्या पोरासाठी मामलेदाराकडे शब्द टाकत नव्हता. ओळख असणे आणि ओळख कामाला येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओळखीला वजन येते ते समोरचा तुम्हाला बरोबरीचा मानतो तेव्हा. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले ते याच बंधनातून माणूस सोडवण्यासाठी. ही वतने कायद्याने संपायला १९५८ उजाडावे लागले. पाचशेहून अधिक कनेक्शन जमवून खूश होणाऱ्या आपल्या मित्रांनी वतनदार महाराची ही ओळख विसरू नये.

मुकादमाची दस्तुरी

गाव सोडून माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली. तिथे नोकरी कोण देत होते? मालक नव्हे, मॅनेजरही नव्हे. नोकरी देत होता जॉबर, म्हणजे मुकादम. तो आपल्या गावचे, आपल्या जातीचे, आपल्या नात्यातले लोक भरायचा आणि भरताना दस्तुरी घ्यायचा. कामावर ठेवायला पैसे, बदली कामगाराला दिवस मिळायला पैसे, कामावर टिकून राहायलाही पैसे. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली १९२९ साली नेमलेल्या रॉयल कमिशनने आपल्या १९३१च्या अहवालात मुकादमाच्या या लाचखोरीवर बोट ठेवले आहे. नोकरीच्या दारात उभे राहण्यासाठी गरिबाने आगाऊ पैसे मोजायचे, ही पद्धत लिंक्डइनने शोधलेली नाही.

आणि पैसे मोजूनही आपल्या माणसाला कुठले दार उघडत होते? सूतखात्याचे. विणकामखात्यात पगार जास्त होता आणि ते अस्पृश्यांना बंद होते. कारण काय, तर धोट्यात धागा ओढून घेताना तोंड लावावे लागे आणि अस्पृश्याने तोंड लावलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नव्हता. १९२८च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांना हाच प्रश्न विचारला : विणकामखाते आमच्या लोकांना खुले करण्याची मागणी तुमच्या यादीत का नाही? मुकादमाला दिलेली दस्तुरी महाराकडून आली की मराठ्याकडून, तिचे वजन एकच. पण तिच्या बदल्यात मिळणारे काम एकच नव्हते. पैशाने रांगेत जागा मिळाली, पण रांग कुठली हे जातीनेच ठरवले.

दुसरे उदाहरण तर सगळ्यांना पाठ आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते. नव्या पत्राची माहिती लोकांना व्हावी म्हणून 'केसरी'कडे जाहिरात पाठवली. फुकट नव्हे, रीतसर पैसे भरून छापावी म्हणून. केसरीने ती छापली नाही. त्या काळी मराठी वाचकापर्यंत पोचण्याचा सर्वांत मोठा मंच केसरी होता. मंच ज्याच्या मालकीचा, तो पैसे घेऊन कोणाला दाखवायचे आणि कोणाला नाही हे ठरवतो. आजचा मंच परदेशी कंपनीचा आहे आणि तो सर्वांचे पैसे आनंदाने घेतो, हा फरक मान्य आहे. मंचावर बसलेला, तुमचा संदेश उघडणारा माणूस मात्र इथलाच आहे.

सासवड आणि जेजुरी : एकट्याची चिठ्ठी नव्हे

मग दारे उघडली कशी? १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला महारांची लष्करभरती बंद झाली. पिढ्यान्‌पिढ्या पलटणीत असलेल्या घरांची भाकरी एका हुकुमाने गेली. दापोलीचे पेन्शनर गोपाळबाबा वलंगकर यांनी याविरुद्ध अर्ज तयार केला. त्यानंतर आपल्याच पुणे जिल्ह्यात शिवराम जानबा कांबळे उभे राहिले. नव्या शतकाच्या पहिल्या वर्षांत त्यांनी सासवडला ५१ गावांच्या महारांची सभा भरवली आणि १,५८८ सह्यांचा अर्ज सरकारला पाठवला. १९१० साली जेजुरीला दख्खनच्या महारांची परिषद भरली आणि तिथून थेट लंडनला भारतमंत्र्याकडे अर्ज गेला. मागणी काय होती? लष्करात, पोलिसात, सरकारी नोकरीच्या खालच्या पायऱ्यांवर आम्हाला घ्या.

बारामती-इंदापूरकडून पुण्याला जाताना सासवड-जेजुरी आजही वाटेवर लागतात. जेजुरीला आपण खंडोबासाठी ओळखतो. नोकरीसाठीची आपली पहिली मोठी परिषदही तिथेच भरली, हेही लक्षात ठेवावे. त्या १,५८८ जणांनी एकत्र सह्या केल्या. प्रत्येकाने एकेकटे जाऊन मुकादमाला दस्तुरी दिली असती, तर फार तर दहा-वीस जणांना काम लागले असते आणि भरतीबंदी जशीच्या तशी राहिली असती. दार लगेच उघडले नाही. १९१७ साली १११वी महार पलटण उभी राहिली, १९२१ला मोडली गेली. १ ऑक्टोबर १९४१ रोजी महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा सासवडच्या अर्जाला चार दशके होत आली होती. पण उघडले ते सगळ्यांसाठी उघडले.

बाबासाहेबांनी ओळख वापरली नाही का?

इथे कोणी विचारेल : मग ओळखच नको म्हणता का? बाबासाहेबांनीही ओळखी वापरल्याच की. वापरल्या, आणि लपवण्यासारखे त्यात काही नाही. कोलंबियाचे प्रा. सेलिग्मन यांनी लंडनच्या प्रा. फॉक्सवेल यांच्याकडे त्यांची शिफारस केली होती. १९२० साली पुन्हा लंडनला जाताना मित्र नवल भथेना यांनी पाच हजार रुपये उसने दिले. केळुसकर गुरुजींनी सयाजीराव महाराजांपर्यंत नेले नसते तर पुढचे शिक्षण अडले असते.

पण या ओळखींकडे नीट पाहा. सेलिग्मन यांनी विद्यार्थ्याचे काम वर्गात पाहिले होते. भथेना सोबत शिकले होते. केळुसकरांनी मुलाला बागेत वाचताना पाहिले होते. एकही ओळख अनोळखी माणसाला पाठवलेल्या विकतच्या संदेशातून झालेली नव्हती. काम पाहूनच ती झाली होती. आणि एवढ्या ओळखी असूनही काय घडले? १९१७ला बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही. १९१८ला सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाल्यावर सहकाऱ्यांनी पाण्याच्या भांड्यावरून कुरबूर केली. व्यक्तीची ओळख कितीही मोठी असली तरी ती जातीच्या भिंतीपाशी थांबते, हे बाबासाहेब स्वतः भोगून शिकले होते. म्हणूनच त्यांनी मिळालेली प्रत्येक ओळख संस्थेत बदलली. १९२४ला बहिष्कृत हितकारिणी सभा, मग वसतिगृहे, १९४५ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ला सिद्धार्थ कॉलेज. सिद्धार्थ किंवा मिलिंद महाविद्यालयाच्या वसतिगृहात एका खोलीत राहिलेली चार पोरे पुढे बँकेत, विद्यापीठात, सचिवालयात गेली आणि त्यांनी मागच्यांना हात दिला. आपले खरे नेटवर्क ते होते.

एम्प्लॉयमेंटचे कार्ड

१९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. १९४३ला केंद्रीय नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखीव झाल्या. त्याच काळात मजूर खात्याकडे सरकारी रोजगार विनिमय केंद्रे सुरू झाली आणि १९४५ला त्यांच्यासाठी वेगळे संचालनालय उभे राहिले. पुढे प्रत्येक जिल्ह्याला सेवायोजन कार्यालय आले. आपल्या बापजाद्यांच्या ट्रंकेत ते कार्ड अजून सापडेल. नाव, शिक्षण, जात, नोंदणी क्रमांक. फी शून्य. मुकादमाशिवाय, चिठ्ठीशिवाय, केवळ नोंदणीच्या क्रमाने नोकरीचा कॉल घरी येऊ शकतो, ही कल्पना किती क्रांतिकारक होती ते आज कळत नाही, कारण ते कार्यालय आता ओस पडले आहे.

१९५९ला कायदा झाला : २५ किंवा जास्त कामगार असलेल्या खासगी आस्थापनांनीही रिकाम्या जागा केंद्राला कळवाव्यात. पण त्याच कायद्याच्या कलम ४ मध्ये एक ओळ होती. जागा कळवल्या म्हणून केंद्राकडून आलेल्या माणसालाच घ्यावे, असे बंधन मालकावर नव्हते. खासगी क्षेत्रात आपल्यासाठी जे काही होऊ शकले असते ते या एका ओळीतून निसटले. १९९१ नंतर नोकऱ्या सरकारीकडून खासगीकडे सरकल्या आणि कार्डाचा कागद झाला. ती रिकामी झालेली जागा बाजाराने भरली. २००३च्या मे महिन्यात लिंक्डइन सुरू झाले. २०१६ला मायक्रोसॉफ्टने ते २६.२ अब्ज डॉलरला घेतले. २०२३पर्यंत भारतात त्याचे १० कोटींवर सदस्य झाले. सरकारने फुकट द्यायची सेवा आता सोनेरी चौकटीत विकायला आली आहे.

चौकटीत नेमके काय विकतात?

नोकरी शोधणाऱ्यांच्या करिअर योजनेत मुख्यतः चार गोष्टी आहेत. ओळख नसलेल्या माणसाला थेट संदेश, महिन्याला साधारण पाच. प्रोफाइल कोणी पाहिला त्याची यादी. एका जागेला आलेल्या अर्जदारांत तुम्ही कुठे बसता याचा अंदाज. आणि त्यांचे शिकवणीचे व्हिडिओ. अर्ज करणे, प्रोफाइल ठेवणे, लोकांशी जोडून घेणे हे मोफत खात्यातही होते.

आता आपल्या आडनावाचा विचार करा. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा अभ्यास २००७ साली 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'त आला. खासगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण, अनुभव सारखा. फक्त नाव वेगळे. दलित नावाला बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण नावाच्या सुमारे दोन-तृतीयांश निघाली. मुस्लिम नावाला एक-तृतीयांश. २०१२च्या दुसऱ्या एका पाहणीत एक हजार मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळांवर सुमारे ९३ टक्के लोक उच्च जातींचे आढळले. अनुसूचित जाती-जमाती मिळून साडेतीन टक्के. विकत घेतलेले पाच संदेश शेवटी याच मंडळांच्या कंपन्यांत उघडले जातात आणि त्यांच्या माथ्यावर तेच आडनाव असते. पैसे भरून संदेश पोचतो. तो वाचून माणूस काय करतो, हे कंपनी विकत नाही.

याचा अर्थ हा मंच निरुपयोगी आहे असा नाही. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ला मांडले की नोकरीची बातमी घट्ट नात्यांतून कमी आणि सैल ओळखींतून जास्त येते. २०२२ साली लिंक्डइनच्याच दोन कोटी सदस्यांवरचा पाच वर्षांचा प्रयोग 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही सैल ओळखी, विशेषतः काही जण दोघांच्याही ओळखीचे आहेत अशा ओळखी, नोकरी बदलायला अधिक कामी आल्या. अशी ओळख म्हणजे काय? तुमच्या कॉलेजचा चार वर्षे पुढचा सीनियर, तुमच्या वसतिगृहातला, भीमजयंतीच्या समितीत काम केलेला, आज हिंजवडीत असलेला माणूस. त्याच्याशी जोडून घ्यायला एक पैसा लागत नाही.

मग भरायचे की नाही?

माझे उत्तर सरळ आहे. वर्षाचे पैसे भरू नका. ज्या महिन्यात मुलाखतींची तयारी पूर्ण असेल, ज्यांना लिहायचे त्या पाच माणसांची नावे कागदावर असतील आणि प्रत्येकाला काय लिहायचे तेही ठरले असेल, त्या महिन्यात मोफतचा महिना घ्या. घेतल्याच दिवशी तो संपायची तारीख मोबाइलवर लावा, कारण मुदत संपली की पैसे आपोआप कापले जातात. त्यापुढे आणखी एखादा महिना पैसे देऊन घ्यावासा वाटला, तर आधी दोन आकडे शेजारी लिहा : पडद्यावरचा दर आणि घरातल्या कष्टकऱ्याची रोजची मजुरी. किती दिवसांची मजुरी जाते ते पाहा. पहिल्या महिन्यात त्या पाच संदेशांतून एकही बोलणे पुढे सरकले नसेल, तर दुसऱ्या महिन्याने काही बदलत नाही.

जो आधीच नोकरीत आहे आणि ज्याच्या खिशाला हा खर्च जाणवत नाही, त्याने खुशाल भरावेत. पण मग त्या खात्याचा उपयोग गावच्या पोरांसाठीही करावा. कंपनीत जागा निघाली की आधी वस्तीच्या ग्रुपवर टाकावी. आतल्या शिफारशीची सोय असेल तर आपल्या होतकरू मुलाचे नाव द्यावे. सवर्णांच्या घरात हे काम न सांगता होते. आपल्याकडे ते ठरवून करावे लागेल. शेळगाव, निमगाव, अंथुर्णे, लासुर्णे, वालचंदनगर, भिगवण, बारामती या पट्ट्यातले नोकरीला लागलेले पन्नास जण जरी एका यादीत आले आणि प्रत्येकाने वर्षाला दोन मुलांचा बायोडाटा वाचून दुरुस्त केला, तर शंभर मुलांना जे मिळेल ते कुठल्याही सोनेरी चौकटीत मिळणार नाही. विहारात रविवारी वंदनेनंतरचा एक तास त्यासाठी पुरेसा आहे.

आणि एवढ्यावर थांबायचे नाही. खासगी कंपन्यांनी जागा उघडपणे जाहीर कराव्यात, किती अर्ज आले आणि कोणत्या समाजघटकातले किती घेतले याचा हिशेब द्यावा, खासगी क्षेत्रात प्रतिनिधित्वाचा कायदा व्हावा, या मागण्या जुन्याच आहेत आणि त्या आपण सैल सोडल्या आहेत. १९५९च्या कायद्यातली ती ओळ आपण विसरलो म्हणूनच आज ओळख विकणाऱ्याचे फावते आहे. सासवडला जमलेल्या ५१ गावांकडे मोबाइल नव्हते, पदव्या नव्हत्या, पुण्यात खोल्या नव्हत्या. त्यांनी १,५८८ सह्या गोळा केल्या. आपल्या तालुक्यातले किती पदवीधर आज बेकार आहेत, याची साधी यादी तरी आपल्याकडे आहे का? नसेल तर पहिले काम ते करूया.

जय भीम.